उबीन बेटावरची संकष्टी

१

प्रतापरावांचं तोंड उघडं होतं आणि कोयत्याचा पहिला वार त्यातच बसला होता. ओठापासून कानापर्यंत जबडा फाटून दाढा दिसत होत्या. दुसरा वार मानेवर, तिसरा खांद्यावर. डाव्या हाताची तीन बोटं तुटून पाचोळ्यात पडली होती, कारण मरताना माणूस हात आडवा घालतोच. एकतीस वर्षं पुण्यात पोलिसांत काढून मी फौजदार म्हणून निवृत्त झाले. प्रेतं पाहून मला उलटी होत नाही. त्या दिवशी झाली.

तीन तासांपूर्वी हाच माणूस मला म्हणाला होता, "विभाताई, टोपी घाला, इथलं ऊन कळत नाही."

रबराच्या झाडांमागे एक पडकं घर होतं, त्याच्या पायरीशी तो पडला होता. कोयता बाजूलाच गवतात. आणि प्रेताशेजारी गुडघे टेकून रोहन बसला होता, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. जेवून परत निघताना त्याचीच हाक ऐकून आम्ही धावलो होतो. त्याच्या शर्टाची छाती आणि दोन्ही बाह्या रक्ताने भिजल्या होत्या.

"मावशी, मी उचलायला गेलो गं. मला वाटलं जिवंत आहेत."

"हात लावू नकोस आता कशाला. ऊठ."

तो उठेना. मी त्याला बखोटीला धरून उभं केलं. माझी मुलगी चैत्राली मागून धावत आली आणि किंचाळली. तिचा नवरा सुबोध तिला मिठीत घेऊन मागे वळला. स्मिताने पोलिसांना फोन लावला.

आम्हा सगळ्यांच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती. त्याच सकाळी आमच्यासमोर रोहनने प्रतापरावांची कॉलर धरली होती आणि म्हणाला होता, "एक दिवस तुमचा गळा चिरीन."

२

पुलाऊ उबीन हे सिंगापूरच्या ईशान्येचं छोटं बेट. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटीने दहा मिनिटं. सिंगापूरमध्ये जुनं खेडं म्हणून जे काही उरलंय ते तिथे आहे, म्हणजे पत्र्याची घरं, दगडाच्या बंद पडलेल्या खाणी, नारळ आणि रानडुकरं. प्रतापराव दर महिन्याच्या एका शनिवारी तिथे मराठी मंडळींची तीन तासांची 'गावफेरी' काढायचे. एके काळी ते पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. पुढे सिंगापूरला आले आणि इथेच राहिले. मास्तरकी मात्र सुटली नव्हती. रांगेत चाला, मध्ये बोलू नका, कचरा खिशात ठेवा.

त्या शनिवारी आम्ही पाचच जण होतो. मी, चैत्राली, सुबोध, रोहन आणि स्मिता. मी लेकीकडे पासिर रिसला तीन महिन्यांसाठी आलेली. सुबोध एका कंपनीत सॉफ्टवेअर मॅनेजर. रोहन इथल्या विद्यापीठात पोस्ट-डॉक करणारा. स्मिता पीएचडी करता करता प्रतापरावांच्या हाताखाली फेरीची व्यवस्था बघायची. धक्क्यावरच प्रतापरावांनी तिला पाण्याच्या बाटल्या कमी आणल्या म्हणून सगळ्यांदेखत असं झापलं की पोरगी रडली.

मग त्यांनी प्रत्येकाला पातळ प्लास्टिकच्या रेनकोटाचं एकेक पाकीट दिलं. वर चिठ्ठी चिकटवून नाव लिहिलेलं. "पाऊस आला नाही तर न फोडता परत करायचं," असा हुकूम. मला हसू आलं.

बोटीत त्यांनी बेटाचे जुने फोटो दाखवायला आपला फोन फिरवला. फोनला कुलूप नव्हतं. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" म्हणाले. स्मिता केळ्याचे वेफर्स वाटत होती. मी नको म्हटलं.

"का हो?" प्रतापरावांनी विचारलं.

"संकष्टी आहे आज."

"तुमचं कॅलेंडर पुण्याचं का?"

"मग काय, चांगीचं असणार?"

ते हसले. "उतरल्यावर सांगतो," म्हणाले. पण उतरल्यावर भलतंच रामायण सुरू झालं.

एका जर्मन मुलीची समाधी आहे तिथे. खाणीत पडून मेलेल्या त्या पोरीला लोक पावडर, लिपस्टिक, नेलपॉलिश वाहतात. प्रतापरावांनी तिची गोष्ट रंगवून सांगितली, मग खाणकामगारांच्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी सांगितल्या. फार सुरेख सांगत होते. मध्येच रोहन पुढे झाला.

"हे मी गोळा केलंय. वर्षभर दर रविवारी इथे येऊन एकेका आजीच्या पायाशी बसलोय मी. माझं नाव तरी घ्या!"

"फेरी माझी आहे," प्रतापराव म्हणाले.

रोहनने रेनकोटाचं पाकीट त्यांच्या तोंडावर फेकलं, कॉलर धरली आणि ते वाक्य बोलला. सुबोधने त्याला ओढून बाजूला केलं. रोहन तिथल्या तिथे फोन काढून फेरीच्या ग्रुपमधून बाहेर पडला आणि सायकल घेऊन एकटाच निघून गेला.

अकरा वाजता प्रतापरावांनी अर्धा तास मोकळा दिला. "साडेअकराला हसनच्या टपरीवर जमा." मी आणि चैत्राली सायकली ढकलत समुद्राच्या बाजूने गेलो. सुबोध "खाण बघून येतो" म्हणाला. स्मिता धक्क्याजवळच्या हसनच्या टपरीवर जेवणाचं सांगायला गेली आणि तिथेच बसली.

साडेअकराला आम्ही मायलेकी पोहोचलो. पाचेक मिनिटांनी सुबोध आला, केस ओले. "काय उकाडा आहे, हात धुऊन नळाखाली डोकंच धरलं," म्हणाला. म्हातारा हसन कुरकुरत होता, शहाळी सोलायचा त्याचा पारांग, म्हणजे तिथला कोयता, ओंडक्यावरून गायब झाला होता. सुबोध परत एकदा हात धुवायला मागे गेला. तेवढ्यात फोन वाजले. अकरा बेचाळीस. ग्रुपवर प्रतापरावांचा मेसेज होता. 'आज माझी संकष्टी, जेवायला थांबत नाही. थोडं फिरून पुढच्या बोटीने जाईन. तुम्ही सावकाश या.'

"घ्या, त्यांचाही उपास," मी शहाळं पीत म्हणाले.

मूर्ख बाई! एकतीस वर्षांची नोकरी, आणि नाकासमोरचं दिसलं नाही.

३

"आंटी, धिस इज नॉट पुणे, लाह," इन्स्पेक्टर लिम इथल्या 'लाह' लावायच्या लकबीत मला म्हणाल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज मऊ. त्यांनी जे मांडलं त्यात खोट काढायला जागा नव्हती. अकरा बेचाळीसला प्रतापराव जिवंत होते, मेसेज होता. साडेबाराला रोहन प्रेताजवळ होता. मधल्या वेळात बाकीचे चौघे टपरीवर एकमेकांसमोर बसलेले. एकटा रोहन कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं. धमकी सगळ्यांनी ऐकलेली. अंगावर रक्त. प्रतापरावांचा फोन सापडत नव्हता, तो रोहनने खाणीच्या पाण्यात टाकला असणार.

"तो माफी मागायला त्यांना शोधत होता," मी म्हणाले.

"असं तो म्हणतो."

दुपारी सविताचा फोन आला. माझी बहीण नवऱ्यामागे शिकवण्या घेऊन जगली आणि त्यातून तिने हे पोर वाढवलं. ती रडत नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ताई, तिकडे खुनाला फाशी देतात ना गं?"

"देतात."

"माझा रोहन झुरळ मारत नाही. तू पोलिसात होतीस. तू त्याला सोडवून आणशील ना?"

"आणीन," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? असले शब्द मी नोकरीत कधी कुणाला दिले नाहीत, कारण ते पाळता येत नाहीत.

फोन ठेवला आणि डोळे मिटून मी त्या जखमा पुन्हा पाहिल्या. कोणी तसं मारतं तेव्हा रक्त मारणाऱ्याच्या तोंडावर, केसांत, पायांवर उडतं. रोहनचं फक्त छातीवर आणि बाह्यांवर होतं. आणि पहिला वार तोंडावर का? रागाने आंधळा झालेला माणूस डोकं फोडतो. तोंडावर वार करणाऱ्याला समोरच्याचं बोलणं बंद करायचं असतं.

प्रतापराव काय बोलणार होते?

४

संध्याकाळी पाच वाजता मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुकित बातोकला गेले. अनघाताई, प्रतापरावांच्या पत्नी, दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. स्मिता आतमध्ये होती. फेरीच्या सामानाची पिशवी पोलिसांनी तपासून परत दिली होती, ती द्यायला आली होती.

"बसा," अनघाताई म्हणाल्या. "तुमच्या भाच्याने केलं असं वाटत नाही मला. दर आठवड्याला माझ्याकडे जेवायचा तो. भांडायचे दोघे, पण जेवायचे मांडीला मांडी लावून."

मी स्मिताकडे वळले. "तुला सकाळी फार बोलले ते."

"रोजच बोलायचे, मावशी," ती म्हणाली. "मला राग आला होता. पण अकरापासून मी हसनअंकलसमोर कांदे चिरत होते. पोलिसांनी त्यांना विचारलंय."

"त्यांचं कोणाशी काही चाललं होतं का?" मी अनघाताईंना विचारलं.

"नाव नाही सांगितलं त्यांनी. एक माणूस त्यांच्या कॉलेजची डिग्री सांगतो, अमुक वर्षाची. त्या वर्षी त्या वर्गाला हेच शिकवत होते. म्हणाले, साठ पोरं होती, एकाचं नाव विसरलेलो नाही, हा त्यात नव्हताच. खोट्या सर्टिफिकेटवर एम्प्लॉयमेंट पास, नोकरीचा परवाना, मिळवला म्हणजे इथे तुरुंग. त्याला म्हणाले होते, सोमवारपर्यंत स्वतः जाऊन सांग, नाहीतर मी सांगतो."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी विषय बदलला, कारण मला तो विषय नको होता.

"सकाळी उपाशीच निघाले असतील ना? संकष्टी होती त्यांची."

"आज?" अनघाताईंनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "आज कुठली? दोन इडल्या खाऊन निघाले. उद्यासाठी मला लिटिल इंडियातून बटाटे आणि शेंगदाणे आणायला सांगून गेले."

"पण कॅलेंडरात आज..."

"तुमच्या कॅलेंडरात पुण्याच्या चंद्राची वेळ. चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा, हो की नाही? इथे चंद्र पुण्याच्या दोन तास आधी उगवतो. आज तो इथे उगवेल तेव्हा तृतीयाच असेल. म्हणून इथे उद्या. हे तसंच पाळायचे." त्यांनी फ्रिजवरचा कागद दाखवला. वर्षभराच्या संकष्ट्या, सिंगापूरच्या वेळेने, उद्याच्या तारखेभोवती लाल गोल. "रोहननेच काढून दिलाय कॉम्प्युटरवर."

आता माझ्या डोक्यात लखलखीत उजेड पडला, आणि तो मला मुळीच आवडला नाही. मेसेज प्रतापरावांनी पाठवलेलाच नव्हता. खुन्याने त्यांच्या फोनवरून पाठवला होता, ते जिवंत आहेत असं भासवायला. रोहनने असा मेसेज केला नसता. एक तर संकष्टी उद्या आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरं, त्या मेसेजने संशयातून सुटलं कोण? जे टपरीवर बसले होते ते. रोहनला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"स्मिता, रेनकोट कुठे आहेत?"

तिने पिशवी उलटी केली. पाकिटं पडली. विभा. चैत्राली. स्मिता. रोहन, हे त्याने फेकलेलं. चार.

पाऊस तर एक थेंब पडला नव्हता.

आज संकष्टी आहे असं धरून चालणाऱ्या घरातली तीन माणसं त्या बेटावर होती. मी, माझी मुलगी आणि माझा जावई.

५

चैत्राली अकरा ते साडेअकरा माझ्या डोळ्यांसमोर होती. मी स्वतः खून केलेला नाही. उरलं कोण, हे सांगायला फौजदार लागत नाही.

आणि डिग्रीचं प्रतापरावांना कळलं कसं, तेही मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात मीच मिरवत गेले होते त्यांच्याकडे. "आमचे सुबोधराव तुमच्याच कॉलेजचे बरं का, अमुक सालचे!" सासूला जावयाचा मोठेपणा सांगायची केवढी हौस!

रविवारी सकाळी सुबोध स्वयंपाकघरात कॉफी करत होता. चैत्राली टेबलाशी बसली होती. रात्रभर ती झोपली नव्हती, डोळे सुजले होते. मी आधी लिमबाईंना फोन करायला हवा होता, कोणीही तेच सांगेल. पण माझ्या मुलीला हे पोलिसांच्या तोंडून कळावं असं मला वाटेना.

"सुबोधराव, तुमचं रेनकोटाचं पाकीट परत नाही दिलंत?"

"हरवलं वाटतं, आई."

"फोडलंत ना ते? अंगावर रक्त उडू नये म्हणून?"

चमचा थांबला.

"आई, काय बोलतेस?" चैत्राली म्हणाली.

मी सगळं सांगितलं. इडल्या, चंद्र, फ्रिजवरचा कागद. ओले केस. दोनदा धुतलेले हात, आणि दुसऱ्यांदा धुवायला गेले तेव्हाच आलेला मेसेज. शेवटी डिग्री. डिग्रीचं नाव काढलं तेव्हा त्याने चैत्रालीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की तिलाही ते माहीत नव्हतं. बारा वर्षं संसार केला होता तिने त्या माणसाशी.

"दोनदा हात जोडले मी त्यांच्यासमोर," सुबोध म्हणाला. आवाज अगदी साधा. "खाणीच्या वाटेवरही जोडले. ते म्हणाले, सुबोध, नियम म्हणजे नियम. तेवढंच. मग म्हणाले, आता तुझ्या बायकोलाही मीच सांगतो."

"आणि कोयता? तो तर तुम्ही हात जोडायच्या आधीच उचलला होता."

त्याने तवा उचलला. बिडाचा जड तवा, मीच पुण्याहून आणलेला. पहिला फटका मी मनगटावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा कानावर बसला. मी टेबलावरून खाली पडले, कॉफीचा कप अंगावर सांडला, आणि तो माझ्या छातीवर गुडघा ठेवून दोन्ही हातांनी गळा दाबायला लागला. त्याचे डोळे माझ्याकडे पाहत नव्हते, फरशीकडे पाहत होते. मी त्याच्या अंगठ्याला चावले. तोंडात त्याचं रक्त आलं. तरी तो सोडेना. माझ्या डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं आणि मला एवढंच वाटलं की आता रोहन जाणार.

मग धप्प असा आवाज झाला. पुन्हा एकदा झाला. पकड सुटली.

चैत्राली खलबत्त्यातला बत्ता हातात घेऊन उभी होती. सुबोध कुशीवर पडून कण्हत होता, कानामागून रक्त वाहत फ्रिजखाली जात होतं. तिने तिसऱ्यांदा हात उचलला.

"पुरे!" माझा आवाज घोगरा फुटला. "चैत्रा, पुरे. त्याला जिवंत राहू दे. रोहनसाठी जिवंत राहू दे."

तिने बत्ता ओट्यावर ठेवला. नीट, हळू. मग स्वतःच पोलिसांना फोन लावला आणि घराचा पत्ता सांगितला.

६

उरलेलं काम लिमबाईंच्या माणसांनी दोन दिवसांत उरकलं. धक्क्याजवळच्या खारफुटीच्या चिखलात रेनकोट सापडला. त्यात दगड आणि प्रतापरावांचा फोन गुंडाळलेला होता. रेनकोटाच्या आत सुबोधचा घाम होता आणि बाहेर प्रतापरावांचं रक्त. डॉक्टरांना प्रेताच्या पोटात इडली मिळाली. "सॉरी, आंटी," लिमबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी रोहन सुटला. माझा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून त्याने माझ्या पायांना मिठी मारली, लहानपणी मारायचा तशी. चैत्रालीकडे बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. आम्ही तिघं टॅक्सीने पासिर रिसला आलो. तो सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला.

मी सविताला फोन लावला. एका हाताने धरता येईना म्हणून स्पीकरवर टेबलावर ठेवला. चैत्राली समोर बसली होती.

आता सविता रडली. पाच मिनिटं नुसती रडली. मग म्हणाली, "ताई, तू शब्द पाळलास गं. कोण होता तो मेला? माझ्या पोराला फासावर चढवायला निघाला होता! त्याला लटकवतील ना? लटकवलंच पाहिजे त्याला."

तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मी चैत्रालीकडे पाहिलं. ती मान हलवून नको म्हणाली नाही, की हो म्हणाली नाही.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक लटकवतील. सविता, तुला नंतर फोन करते."

मी फोन बंद केला. मला वाटलं होतं चैत्राली आता मला काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निघून जा म्हणेल. माझी त्याला तयारी होती. मी मिरवलं नसतं तर प्रतापरावांना काही कळलंच नसतं, हे मी तिला आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं.

चैत्रालीने पदरासारखा दुपट्टा तोंडावरून फिरवला आणि उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"आई," ती म्हणाली, "इथे फाशीच्या खटल्यात चांगला वकील कोण आहे ते तू शोधून देशील का?"

मी मोडक्या हाताने फोन पुन्हा जवळ ओढला आणि नंबर शोधायला लागले.